बालश्रोता आणि भडक आशयाचे हिप-हॉप संगीत : अमेरिकेतील वादाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दिनांक ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागातील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक दालनात एक छोटा नृत्यसमारंभ झाला. त्याचे आयोजन सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीने केले होते. सुटी संपून शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत, एवढाच तिचा हेतू होता. ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे काम तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच पुढे 'डी. जे. कूल हर्क' या नावाने प्रसिद्धीस आलेला तरुण, याच्याकडे होते. हिप-हॉप या संगीतप्रकाराचा जन्मदिवस म्हणून आज हाच दिवस मानला जातो.

शाळकरी मुलीच्या कपड्यांसाठी भरविलेल्या समारंभात जन्मलेले हे संगीत मुलांच्या कानांवर पडावे की पडू नये, हा प्रश्न पुढील दोन दशकांच्या आतच अमेरिकेची संसद, न्यायालये, चर्च आणि रेडिओ केंद्रे यांच्यासमोर उभा राहिला. या वादाविषयी विपुल लिहिले गेले आहे. तथापि त्यातील बहुतेक लेखन कलावंताचे स्वातंत्र्य विरुद्ध समाजाची नीती या चौकटीत झालेले दिसते. ज्याच्या नावाने हा वाद झाला तो बालश्रोता या चौकटीत फारसा आढळत नाही. प्रस्तुत निबंधात त्या बालश्रोत्याला केंद्रस्थानी ठेवून या वादाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे दोन संज्ञांचा खुलासा करणे आवश्यक आहे. 'भडक आशय' म्हणजे लैंगिक क्रिया, हिंसा किंवा मादक द्रव्ये यांचे उघड वर्णन अथवा शिवराळ भाषा. हिप-हॉप आणि भडक हिप-हॉप या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली एक विस्तृत कलापरंपरा आहे, तर दुसरी तिच्यातील एक धारा. 'लहान मूल' म्हणजे प्राथमिक शाळेच्या वयाचे, साधारणतः दहा वर्षांपर्यंतचे मूल. किशोरवयीन श्रोत्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. या दोन वयोगटांची सरमिसळ झाल्यामुळे मूळ वादात पुष्कळ गोंधळ माजला, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

समारंभातून कॅसेटकडे

१९७० च्या दशकातील दक्षिण ब्राँक्स हा न्यू यॉर्कमधील अत्यंत उपेक्षित भाग होता. क्रॉस-ब्राँक्स एक्स्प्रेसवे या महामार्गाच्या बांधणीत अनेक वस्त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या. रोजगार आटले होते आणि ओस पडलेल्या इमारतींना वारंवार आगी लागत होत्या. अशा वस्तीतील कृष्णवर्णीय, कॅरिबियन व पोर्तोरिकन तरुणांनी उपलब्ध साधनांतून हे संगीत घडविले. गीतातील केवळ वाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवीत न्यायचा, हे हर्कचे तंत्र होते. त्या तालावर यमकबद्ध शब्दफेक करणारे निवेदक पुढे आले आणि 'रॅप' आकारास आले. १९७९ मध्ये शुगरहिल गँग या गटाच्या 'रॅपर्स डिलाइट' या गीतामुळे रॅप देशभर पोहोचले. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह यांच्या 'द मेसेज' या गीताने वस्तीतील दैन्याचे चित्रण करून या प्रकारास सामाजिक आशय मिळवून दिला.

शिवराळ व उघड भाषा हिप-हॉपनेच निर्माण केली, असे म्हणता येणार नाही. आफ्रिकी-अमेरिकी मौखिक परंपरेत 'टोस्ट' नावाची दीर्घ पद्यकथने आणि 'डझन्स' नावाची परस्परांना चिडविण्याची शब्दस्पर्धा पूर्वापार होती. अतिशयोक्ती, बढाई आणि लैंगिक विनोद हे त्यांचे अंगभूत विशेष होत. मात्र या प्रकारांना स्थळ, प्रसंग आणि श्रोता यांची मर्यादा होती. नाक्यावर, मद्यगृहात किंवा समवयस्क तरुणांच्या बैठकीत जे चाले, ते घरात आजीसमोर चालत नसे. ही मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नव्हती. कोणासमोर काय बोलावे याविषयीच्या सामाजिक समजुतीतून ती पाळली जात असे.

कॅसेट आणि खिशात मावणारा ध्वनिवादक यांनी ही मर्यादा मोडली. शब्द उच्चारणारा आणि ऐकणारा यांची समोरासमोर गाठ राहिली नाही. श्रोता किती वर्षांचा आहे हे गायकास कळण्याचा मार्ग उरला नाही आणि कानांवर ध्वनिकर्ण चढविलेले मूल काय ऐकत आहे हे शेजारी बसलेल्या आईसही कळेनासे झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॅपमधील भडक धारा जोमाने वाढली. १९८८ मधील एन. डब्ल्यू. ए. या गटाचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' हा संग्रह तिचे ठळक उदाहरण होय. आशय जुना, पण त्याची स्थळमर्यादा नष्ट झालेली, ही या वादाची खरी पार्श्वभूमी आहे.

सूचनापट्टीचा जन्म

भडक गीतांविरुद्धच्या संघटित चळवळीचा आरंभ हिप-हॉपपासून झाला नाही, ही बाब आवर्जून नमूद केली पाहिजे. टिपर गोर यांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाचा 'पर्पल रेन' हा संग्रह विकत आणला. त्यातील एका गीतात लैंगिक क्रियेचा उघड उल्लेख ऐकून त्या अस्वस्थ झाल्या. त्यांनी सुझन बेकर आदी स्त्रियांच्या साहाय्याने १९८५ मध्ये 'पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर' ही संस्था स्थापन केली. संस्थेने आक्षेपार्ह म्हणून पंधरा गीतांची यादी प्रसिद्ध केली. तीत रॉक, हेवी मेटल आणि पॉप प्रकारांतील गीते होती. रॅपचे एकही गीत नव्हते.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. फ्रँक झप्पा, डी स्नायडर आणि जॉन डेन्व्हर या तीन भिन्न प्रकृतीच्या गायकांनी वर्गीकरणास विरोध दर्शविला. सुनावणीतून कोणताही कायदा निघाला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका' या उत्पादकांच्या संघटनेने तडजोड मान्य केली. भडक आशयाच्या संग्रहावर पालकांसाठी सूचना छापावी किंवा गीतांचे शब्द वेष्टनावर द्यावेत, असे ठरले. १९९० मध्ये या सूचनेस एकसारखे कृष्णधवल रूप मिळाले.

या पट्टीचे स्वरूप बारकाईने पाहणे उद्बोधक ठरते. कोणत्या संग्रहावर ती लावायची हे उत्पादकच ठरवीत. आशय हिंसेचा आहे, लैंगिक आहे की केवळ शिवराळ आहे, हे तिच्यावरून कळत नसे. चित्रपटांच्या वर्गीकरणात वयाचे टप्पे असतात, तसे येथे नव्हते. सहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा यांच्यासाठी एकच पट्टी होती. 'पालकांनी लक्ष द्यावे' एवढेच ती सांगे. लक्ष कशाकडे व कसे द्यावे हे सांगत नसे. हा संदेश पालकांसाठी असला तरी तो दुकानाच्या फळीवर, म्हणजे बहुधा पालक नसतील अशा ठिकाणी, वाचला जाणार होता.

न्यायालयातील प्रवास

अमेरिकी कायद्यात बालकांसाठी वेगळा निकष लावण्यास जागा होती. १९६८ च्या गिन्सबर्ग विरुद्ध न्यू यॉर्क या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, प्रौढांच्या दृष्टीने अश्लील न ठरणारे लैंगिक साहित्यही सतरा वर्षांखालील व्यक्तीस विकण्यास राज्य मनाई करू शकते. पुढे १९७३ च्या मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात अश्लीलतेची त्रिसूत्री कसोटी निश्चित झाली. गंभीर वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा शास्त्रीय मूल्याचा अभाव हे तिचे एक अंग होते.

या पार्श्वभूमीवर मायामीच्या 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटाविरुद्धच्या कारवायांचा क्रम अर्थपूर्ण वाटतो. १९८७ मध्ये फ्लोरिडातील एका दुकानातील कर्मचाऱ्यावर या गटाचा संग्रह चौदा वर्षांच्या मुलीस विकल्याबद्दल खटला झाला व तो निर्दोष सुटला. या प्रकरणाच्या केंद्रस्थानी निदान एक प्रत्यक्ष अल्पवयीन श्रोता होती. त्यानंतरच्या कारवायांत मात्र ती दिसत नाही. १९८९ मध्ये गटाचा 'ॲज नॅस्टी ॲज दे वॉना बी' हा संग्रह आला. त्यातील लैंगिक वर्णने अत्यंत उघड होती. गटाने त्याची सौम्य आवृत्तीही स्वतंत्रपणे बाजारात आणली होती. तरीही ६ जून १९९० रोजी संघीय जिल्हा न्यायाधीश होसे गोन्झालेझ यांनी मूळ संग्रह अश्लील ठरविला. याचा अर्थ असा की तो प्रौढ ग्राहकासही विकणे धोक्याचे झाले. दोन दिवसांनी ब्रॉवर्ड परगण्यातील एका दुकानदारास अटक झाली. त्याच्याकडून संग्रह विकत घेणारा गिऱ्हाईक म्हणून आलेला पोलीस होता. पाठोपाठ हॉलिवूड या फ्लोरिडातील गावी केवळ प्रौढांसाठी झालेल्या कार्यक्रमानंतर गटाच्या सदस्यांनाही पकडण्यात आले.

ऑक्टोबर १९९० मध्ये ज्यूरीने गटास निर्दोष ठरविले. त्या खटल्यात वाङ्मयाभ्यासक हेन्री लुई गेट्स यांनी साक्ष देऊन या गीतांतील अतिशयोक्ती व विडंबन यांचे नाते आफ्रिकी-अमेरिकी मौखिक परंपरेशी जोडून दाखविले. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने गोन्झालेझ यांचा निर्णय रद्द केला. संग्रहास कलात्मक मूल्य नाही हे सिद्ध करणारा पुरावा शेरीफच्या बाजूने आलाच नव्हता, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

गेट्स यांचा युक्तिवाद ऐतिहासिकदृष्ट्या योग्य होता. परंतु त्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. परंपरेचे संकेत ठाऊक असणाऱ्या श्रोत्यालाच विडंबन हे विडंबन म्हणून कळते. सात वर्षांच्या मुलास ते संकेत ठाऊक नसतात. एखादी कृती कला आहे हे सिद्ध झाले म्हणजे ती बालकास योग्य आहे हे सिद्ध होत नाही, आणि ती बालकास अयोग्य आहे म्हणून ती कला नाही असेही ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. फ्लोरिडातील अधिकाऱ्यांनी दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या मार्गाने मिळवू पाहिले आणि दोन्हींत अपयश पत्करले.

केवळ अल्पवयीनांपुरता कायदा करण्याचा प्रयत्न वॉशिंग्टन राज्याने १९९२ मध्ये केला. अल्पवयीनांना विकण्यास मनाई असलेल्या कामुक साहित्यात तेथे ध्वनिमुद्रणांचा समावेश करण्यात आला. १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. त्यातील न्याय्य प्रक्रियेचा अभाव आणि प्रौढांच्या अभिव्यक्तीवर येणारे पूर्वबंधन ही प्रमुख कारणे होती. पुढे २०११ मध्ये हिंसक व्हिडिओ खेळांविषयीच्या ब्राउन खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंसाचाराच्या चित्रणास अल्पवयीनांच्या संदर्भातही लैंगिक साहित्याचा नियम लावता येत नाही, असे स्पष्ट केले. अशा रीतीने कायद्याचा मार्ग जवळपास बंद झाला.

कृष्णवर्णीय समाजातील आक्षेप

या वादाचे चित्र पुष्कळदा श्वेतवर्णीय नीतिरक्षक विरुद्ध कृष्णवर्णीय कलावंत असे रंगविले जाते. ते अपुरे आहे. १९९३ मध्ये हार्लेममधील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू कॅल्व्हिन बट्स यांनी हिंसा व स्त्रीद्वेष यांचे उदात्तीकरण करणाऱ्या रॅपविरुद्ध जाहीर आंदोलन केले. त्याच सुमारास सी. डेलोरेस टकर यांनी 'नॅशनल पोलिटिकल काँग्रेस ऑफ ब्लॅक विमेन' या संस्थेच्या वतीने मोहीम उघडली. टकर या नागरी हक्कांच्या चळवळीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत चाललेल्या कार्यकर्त्या होत्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांत या विषयावर सुनावण्या झाल्या. त्यांत कार्डिस कॉलिन्स आणि कॅरल मोझली-ब्रॉन या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींचा पुढाकार होता.

या मंडळींचा आक्षेप फ्लोरिडातील शेरीफच्या आक्षेपाहून मुळातच वेगळा होता. शब्द असभ्य आहेत, एवढीच त्यांची तक्रार नव्हती. कृष्णवर्णीय मुलीला लहानपणापासून तिच्याविषयीचे अपशब्द तालासुरात ऐकविले जातात आणि कृष्णवर्णीय मुलाला बंदूक हीच पौरुषाची खूण म्हणून दाखविली जाते, ही त्यांची व्यथा होती. या सर्व व्यवहारातील नफा कोणाकडे जातो, असाही त्यांचा प्रश्न होता. मूल हे येथे कायद्यातील प्रतीक नव्हते. ते शेजारच्या घरातील, नावाने ओळखीचे मूल होते. संपूर्ण वादात बालश्रोत्याच्या सर्वांत जवळ पोहोचलेला हा आवाज होता, असे म्हणावे लागेल.

त्याचेही पुढे राजकारण झाले. टकर यांनी १९९५ मध्ये माजी शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांच्याबरोबर टाइम वॉर्नर कंपनीविरुद्ध मोहीम चालविली. त्या वर्षी कंपनीने इंटरस्कोप या ध्वनिमुद्रण संस्थेतील आपला हिस्सा सोडून दिला. इंटरस्कोपचा व्यवसाय मात्र थांबला नाही. भागीदार बदलला आणि विक्री चालू राहिली. दुसरीकडे, ज्या वस्त्यांतून हे संगीत आले तेथील शाळा, रोजगार व घरे यांविषयी सुनावणीत जे बोलले गेले ते मागे पडले. ट्रिशिया रोझ यांनी 'ब्लॅक नॉइज' (१९९४) या ग्रंथात रॅपचा विचार त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीसह केला. 'द हिप हॉप वॉर्स' (२००८) या नंतरच्या ग्रंथात त्यांनी रॅपचे आंधळे विरोधक आणि आंधळे समर्थक या दोघांचीही झाडाझडती घेतली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पट्टीची आणि रेडिओची कसोटी

सूचनापट्टीचा प्रत्यक्षात किती उपयोग झाला, याचे उत्तर सप्टेंबर २००० मध्ये संघीय व्यापार आयोगाच्या अहवालाने दिले. आयोगाने पट्टी असलेल्या ५५ ध्वनिमुद्रणांची तपासणी केली. त्या सर्वांची जाहिरात सतरा वर्षांखालील मुलांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने करण्यात आली होती. आयोगाने पाठविलेल्या १३ ते १६ वर्षांच्या मुलांना पालक सोबत नसतानाही ८५ टक्के वेळा असे संग्रह विकत मिळाले. म्हणजे जो उद्योग एका हाताने पालकांना सावध करीत होता, तोच दुसऱ्या हाताने मुलांना बोलावीत होता.

वॉलमार्टसारख्या मोठ्या विक्रेत्याने पट्टी असलेले संग्रह न ठेवण्याचे धोरण स्वीकारल्यामुळे अनेक संग्रहांच्या सौम्य आवृत्त्या निघू लागल्या. या आवृत्त्यांत शिव्या पुसल्या जात. आशय बहुधा तसाच राही. शत्रूस ठार मारण्याची बढाई आणि स्त्रीविषयीची तुच्छता या दोन्ही गोष्टी एकही शिवी न वापरता सांगता येतात. शब्द गाळून मूल सुरक्षित होते, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

रेडिओच्या क्षेत्रातील अनुभव याहून बोलका आहे. अमेरिकेत सकाळी सहा ते रात्री दहा या काळात मुले श्रोत्यांत असू शकतात असे गृहीत धरून 'अशिष्ट' प्रक्षेपणास मनाई आहे. २००१ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने ओरेगनमधील के. बी. ओ. ओ. या रेडिओ केंद्रास सात हजार डॉलर दंड प्रस्तावित केला. कारण ठरले होते सॅरा जोन्स यांचे 'युअर रेव्होल्यूशन' हे गीत. वस्तुतः रॅपमधील स्त्रियांच्या अवमूल्यनाचा निषेध करण्यासाठीच ते रचलेले होते. निषेध करताना त्यात त्या गीतांच्या भाषेचे पडसाद उमटले आणि नियमाने निषेधासच अशिष्ट ठरविले. २००३ मध्ये आयोगाने आपला निर्णय मागे घेतला. केवळ शब्द मोजणारे मोजमाप मुलीचा अवमान करणारे गीत आणि तिच्या सन्मानासाठी लढणारे गीत यांत फरक करू शकत नाही, हे या प्रकरणावरून दिसून येते.

संशोधन काय सांगते?

या काळात मानसशास्त्रज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांनीही या प्रश्नाचा अभ्यास केला. २००३ मध्ये क्रेग अँडरसन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिंसक गीते ऐकल्यानंतर आक्रमक विचार व वैरभावना वाढल्याचे आढळले. मात्र प्रयोगातील श्रोते महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि मोजलेला परिणाम तात्कालिक होता. त्याच वर्षीच्या जिना विंगूड व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १४ ते १८ वयोगटातील ५२२ कृष्णवर्णीय मुलींचा समावेश होता. रॅपच्या चित्रफिती अधिक पाहणे आणि धोकादायक वर्तन यांत त्यांना संबंध दिसला; परंतु संबंध म्हणजे कारण नव्हे. २००६ मध्ये स्टीव्हन मार्टिनो व सहकाऱ्यांनी १२ ते १७ वयोगटातील १,४६१ मुलामुलींच्या मुलाखतींवर आधारित निष्कर्ष मांडले. ज्या गीतांत लैंगिकतेबरोबर व्यक्तीची अवहेलना होती, त्यांचाच संबंध लवकर सुरू होणाऱ्या लैंगिक वर्तनाशी आढळला. अवहेलना नसलेल्या लैंगिक गीतांबाबत तसा संबंध आढळला नाही. उघड शब्दांपेक्षा अवहेलना अधिक घातक, असा या अभ्यासाचा रोख आहे.

हे तिन्ही अभ्यास किशोरांचे किंवा तरुणांचे आहेत. 'लहान मुलांवरील परिणाम सिद्ध झाला आहे' असे त्यांच्या आधारे म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही. मुलांना गीतांचे शब्द कसे कळतात, याविषयी पॅट्रिशिया ग्रीनफील्ड व सहकाऱ्यांचा १९८७ चा अभ्यास अधिक उपयुक्त वाटतो. चौथीतील मुलांना लोकप्रिय गीतांचा अर्थ मोठ्यांसारखा लागत नाही आणि ती शब्दशः अर्थ घेतात, असे त्यात दिसले. यावरून काहीजण 'कळत नाही, तर बिघडत काय?' असा निष्कर्ष काढतात. तो घाईचा आहे. मूल अर्थ समजण्यापूर्वीच शब्द उचलते. ते शब्द कोणाला उद्देशून आणि कोणत्या स्वरात म्हटले जातात, हे ते टिपते आणि खेळात त्यांचा प्रयोग करून पाहते. अर्थ मागाहून येतो, सवय आधी लागते.

दुसऱ्या बाजूस पूर्वग्रहाचेही भान राखणे आवश्यक आहे. कॅरी फ्राइड यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच हिंसक गीत वाचकांपुढे ठेवले. ते रॅप असल्याचे सांगितले तेव्हा वाचकांना ते अधिक आक्षेपार्ह वाटले, कंट्री संगीत असल्याचे सांगितले तेव्हा कमी. वास्तविक ते एका लोकगीत गायनगटाचे जुने गीत होते. पालक व शिक्षक म्हणून आपण आशयास घाबरतो की गाणाऱ्याच्या वर्णास व वर्गास घाबरतो, असा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे.

शिवाय मुले आणि हिप-हॉप यांचे नाते एकतर्फी नाही. कायरा गाँट यांनी 'द गेम्स ब्लॅक गर्ल्स प्ले' (२००६) या ग्रंथात कृष्णवर्णीय मुलींचे टाळ्यांचे व दोरीवरच्या उड्यांचे खेळ आणि रॅप यांतील लयींची देवाणघेवाण दाखविली आहे. नेली या रॅपरच्या २००० सालच्या 'कंट्री ग्रामर' या गीताचा मुखडा मुलींच्या टाळ्यांच्या एका खेळगाण्यावर बेतलेला आहे. जे-झी याने १९९८ मध्ये 'ॲनी' या संगीतिकेतील अनाथ मुलींचे समूहगीत आपल्या 'हार्ड नॉक लाइफ' या गीतात घेतले. ही दोन्ही गीते प्रौढ आशयाच्या संग्रहांतील आहेत, पण त्यांची चाल मुलांना ओळखीच्या अंगणातून हाक मारते. मूल त्यांकडे धावले तर दोष मुलाचा नाही.

प्रवाही माध्यमे आणि आपला परिसर

सूचनापट्टी दुकानाच्या फळीसाठी होती. स्पॉटिफायसारख्या सेवा २००८ पासून सुरू झाल्या आणि ती फळीच नाहीशी झाली. पट्टीच्या जागी गीताच्या नावापुढे एक अक्षर आले. असे गीत वगळण्याची सोय या सेवांत आहे, परंतु ती सुरू करण्याचे काम मोठ्यांनाच करावे लागते. एक गीत संपताच यंत्रणा दुसरे गीत आपोआप पुढे करते. त्यामुळे निवडण्याची कृतीदेखील श्रोत्याच्या हाती पूर्णपणे राहिलेली नाही.

हाच प्रश्न आता महाराष्ट्रातही आहे. मुंबईच्या वस्त्यांतील रॅपला २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाने देशव्यापी ओळख दिली. पुण्याच्या ताडीवाला रस्ता परिसरातून आलेला रॅपर एम. सी. स्टॅन २०२३ मध्ये 'बिग बॉस' या दूरदर्शन मालिकेच्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला आणि त्याची गीते घराघरांत पोहोचली. त्यांतील अनेक गीतांत शिवराळ भाषा आहे. त्याचबरोबर उपेक्षित वस्तीचा स्वतःच्या शब्दांत उमटलेला हुंकारही आहे. ब्राँक्सचा पेच येथे नव्याने उभा राहतो, तो असा.

आपल्याकडील कायदा अमेरिकेपेक्षा कडक आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ नुसार सार्वजनिक ठिकाणी अश्लील गीत गाणे हा गुन्हा होता. कलम २९३ नुसार वीस वर्षांखालील व्यक्तीस अश्लील वस्तू विकणे हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम २९६ व २९५ मध्ये आल्या असून विक्रीसंबंधीच्या कलमात आता 'बालक' हा शब्द आहे. चित्रपटांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा व सोळा वर्षे असे वयाचे टप्पे आणले. केवळ श्राव्य गीत मात्र परीक्षण मंडळापुढे जात नाही. घरातील दूरध्वनी संचावर काय वाजते याचा विचार कोणतेही कलम करीत नाही आणि करूही शकणार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अमेरिकेत या प्रश्नासाठी तीन मोजमापे निर्माण झाली. उद्योगाने 'भडक' हे, न्यायालयांनी 'अश्लील' हे, तर रेडिओ नियमनाने 'अशिष्ट' हे विशेषण वापरले. पहिल्याचा हेतू व्यापार सुरक्षित ठेवणे, दुसऱ्याचा प्रौढांच्या स्वातंत्र्याची सीमा आखणे आणि तिसऱ्याचा प्रक्षेपणाची वेळ ठरविणे हा होता. सहा-सात वर्षांच्या मुलास काय योग्य, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी एकाही शब्दात नव्हते.

२) हा प्रश्न मुलाच्या बाजूने विचारला तो प्रामुख्याने कृष्णवर्णीय समाजातील स्त्रिया व धर्मगुरू यांनी. त्यांचा निकष शब्दांच्या उघडेपणाचा नव्हता, तर माणसाच्या अवहेलनेचा होता. पुढील संशोधनाचा रोखही त्याच दिशेने जाणारा आहे.

३) भडक आशयाची हिप-हॉप गीते लहान मुलांसाठी योग्य नाहीत, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु त्याचे कारण हिप-हॉप हे नाही. त्या गीतांतील विडंबन, बढाई आणि रोष हे प्रौढांमधील संकेतांवर उभे असतात आणि ते संकेत मुलाकडे अद्याप आलेले नसतात. संकेत वजा केले की मुलाच्या हाती केवळ अवहेलना उरते. हाच निकष इतर कोणत्याही गीतास, आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत लहान मुलींना ज्यांवर नाचविले जाते त्या द्वयर्थी चित्रपटगीतांनाही, लावला पाहिजे. तो केवळ रॅपला लावला तर त्यास निकष न म्हणता पूर्वग्रह म्हणावे लागेल.

४) मौखिक परंपरेत कोणासमोर काय म्हणावे याची मर्यादा उपस्थित मोठी माणसे सांभाळीत. कॅसेटने त्यांना दूर सारले, पट्टीने त्यांची जागा घेण्याचा प्रयत्न केला आणि ती जागा अद्याप रिकामीच आहे. ती पोलीस ठाण्याकडून किंवा यंत्रातील अक्षराकडून भरून निघेल, असे गेल्या चार दशकांच्या इतिहासावरून दिसत नाही.

पालक आणि शिक्षक यांच्यासाठी या इतिहासाचा अर्थ साधा आहे. मूल काय ऐकते हे आपण त्याच्यासोबत बसून ऐकले पाहिजे. जे योग्य नाही त्यास कारण सांगून नकार दिला पाहिजे आणि एखाद्या शब्दाचा अर्थ त्याने विचारलाच, तर रागावण्यापूर्वी उत्तर दिले पाहिजे. सिंडी कॅम्पबेलच्या त्या समारंभास तिचे आईवडीलही उपस्थित होते, असे तिच्या कुटुंबाच्या आठवणींत सांगितले जाते. हिप-हॉपच्या इतिहासातील हा तपशील छोटा आहे, परंतु बालश्रोत्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरतो.